चुकलेला संधी

मराठीत दीर्घ गद्यकथेला ‘कादंबरी’ म्हणतात. हे नाव ज्या ग्रंथावरून आले, तो सातव्या शतकातील बाणभट्टाचा ग्रंथ मुळात एका गंधर्वकन्येची प्रेमकथा असल्यामुळे, या भाषेतील प्रत्येक कादंबरी, मग ती दुष्काळावर असो, गिरणी संपावर असो किंवा सदाशिव पेठेतील भाडेकरूच्या दाव्यावर असो, निदान नावापुरती तरी त्या गंधर्वकन्येची देणेकरी ठरते. बाणाच्या या कथेत नायक हा चंद्राचा अवतार आहे, घोडा हा शाप भोगणारा मित्र आहे, प्रेमिक मरतात आणि अपुरे राहिलेले प्रेम पुढच्या जन्मात जिथल्या तिथून पुढे चालू करतात, आणि हा सगळा गुंता राजाला समजावून सांगण्याचे काम एका पोपटाकडे आहे. गुंता सुटण्याआधीच बाण निवर्तला आणि उरलेला ग्रंथ त्याच्या मुलाने पुरा केला; तेव्हापासून ठरलेल्या मुदतीत हस्तलिखित न देणाऱ्या लेखकाच्या पाठीशी थोर परंपरा उभी आहे, फक्त तसा मुलगा सहसा नसतो.

ज्या कथेत शृंगार आणि अद्भुत हे दोन रस एकाच छपराखाली नांदतात, तिला येथे ‘रम्याद्भुत’ म्हटले आहे. जुन्या समीक्षेतील ‘अद्भुतरम्य’ हा शब्द ही तिचीच थोरली बहीण असून इंग्रजी पुस्तकांच्या बाजारात सध्या ‘रोमँटसी’ या नावाने जो माल खपतो, तो याच घराण्यातला आहे. भरताच्या नाट्यशास्त्राप्रमाणे शृंगारापासून हास्याची आणि वीरापासून अद्भुताची उत्पत्ती होते. याचा व्यावहारिक अर्थ असा की, प्रेमकथा लिहायला बसलेल्या लेखकाने पराक्रमाकडे लक्ष दिले नाही, तर त्याची कथा अद्भुताकडे न जाता आपोआप हास्याकडे घसरते. आणि पुण्यात वीररसाचा पुरवठा इतिहासविषयक व्याख्यानांनी आधीच आरक्षित करून ठेवला असल्याने येथील लेखकापुढे ही अडचण विशेष तीव्र आहे.

या प्रकाराचे मूळ शोधत मागे गेल्यास अभ्यासक गोदाकाठच्या पैठणला, म्हणजे प्राचीन प्रतिष्ठान नगरीत, पोहोचतो. आणि तेथे त्याला कवीची प्रतिभा भेटण्याआधी व्याकरणाची चूक भेटते. काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात ‘कथासरित्सागरा’त जतन केलेल्या आख्यायिकेनुसार सातवाहन राजा आपल्या राण्यांसह जलक्रीडा करीत असता, अंगावर येणाऱ्या पाण्याने दमलेली एक राणी त्याला ‘मोदकैः’ असे काहीसे म्हणाली. तिला अभिप्रेत होते ‘मा उदकैः’, म्हणजे ‘पाण्याने नको’. परंतु ‘मा’मधला आ आणि ‘उदक’मधला उ मिळून ओ होतो, हा गुणसंधी राजाला अवगत नव्हता, त्यामुळे त्याने सेवकांना तातडीने मोदक आणायला सांगितले. राणी हसली आणि तिने राजाला तिथेच, पाण्यात उभे राहून, संधी समजावून दिला. (हा संधी पुल्लिंगी, वर्णांच्या मिलाफाचा, स्त्रीलिंगी संधी, जी प्रेमात एकदाच येते असे म्हणतात, ती त्याच क्षणी राजाच्या हातून गेली.) मोदक उकडीचे होते की तळणीचे, याविषयी मूळ ग्रंथ मौन पाळतो, पुण्यातील एखाद्या ज्ञानसत्रात हा प्रश्न निघाल्यास सत्राचा उरलेला वेळ त्यातच जाईल, म्हणून तो येथे बाजूला ठेवलेला बरा.

अपमानित राजाने व्याकरण शिकण्याचा ध्यास घेतला. दरबारी पंडित गुणाढ्य म्हणाला की, एरवी बारा वर्षे लागणारी ही विद्या तो राजाला सहा वर्षांत शिकवील. शर्ववर्मा नावाचा दुसरा पंडित म्हणाला, सहा महिन्यांत. झटपट अभ्यासक्रमाच्या जाहिरातीचा हा आपल्याकडील फार जुना नमुना असावा. चिडलेल्या गुणाढ्याने पैज लावली की, असे झाले तर तो संस्कृत, प्राकृत आणि देशभाषा या तिन्ही सोडून देईल. आणि शर्ववर्म्याने ‘कातंत्र’ या सुटसुटीत व्याकरणाच्या बळावर शब्द खरा करून दाखविल्यामुळे गुणाढ्याला खरोखरच मुका होऊन विंध्याच्या अरण्यात जावे लागले. तेथे पिशाच्चांच्या बोलीत, म्हणजे पैशाची भाषेत, त्याने सात वर्षांत सात लाख श्लोकांची ‘बृहत्कथा’ रचली आणि शाई नसल्याने ती स्वतःच्या रक्ताने लिहिली. ग्रंथ राजाकडे गेला, तेव्हा राजाने लांबी, भाषा आणि शाई या तिन्ही मुद्द्यांवर तो परत पाठविला. तोवर राजाचे व्याकरण पक्के झाले होते, आणि नव्याने व्याकरण शिकलेल्या माणसाइतका कठोर संपादक दुसरा नसतो.

यानंतरची हकिकत प्रत्येक लेखकाला ठाऊक असावी. गुणाढ्याने टेकडीवर अग्नी पेटवून एकेक पान वाचले आणि जाळले. वनातील पशू चरणे सोडून, डोळ्यांत पाणी आणून ऐकत राहिले. उपाशी पशूंचे मांस रुक्ष झाले, ते खाऊन राजा आजारी पडला, स्वयंपाक्यांनी शिकाऱ्यांवर ढकलले आणि शिकाऱ्यांनी साहित्यावर. राजा धावत आला, तेव्हा सहा लाख श्लोक जळून गेले होते आणि एक लाख उरले होते: शिष्यांना विशेष आवडलेली म्हणून बाजूला ठेवलेली नरवाहनदत्ताची कथा, म्हणजे मुख्यतः विद्याधरांची आणि प्रेमाची. कच्च्या खर्ड्याचे पहिले वाचक कोण असावेत, किती छाटावे आणि काय ठेवावे, यांविषयी आजकालच्या लेखन-कार्यशाळा जे दोन दिवसांत शिकवितात, ते सारे या आख्यायिकेत आहे. फक्त तीत चहाची वेळ दिलेली नाही. बाणाच्या कथानकाचे मूळही विद्वान याच बृहत्कथेत शोधतात, आणि मूळ बृहत्कथा मात्र आज उपलब्ध नाही. सारांश, मराठी कादंबरीच्या नावामागे एक अपुरा ग्रंथ, त्यामागे एक हरवलेला ग्रंथ आणि त्याच्याही मागे ताटभर मोदक आहेत.

आधुनिक काळात हा प्रकार पुन्हा उगवला तो एका तक्रारीतून. १८६१ मध्ये लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली, त्याच सुमारास पुण्यात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी सुरस गोष्टींचे मराठी रूप सुरू केले, आणि १८६८ मध्ये नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ प्रसिद्ध झाली. नायिकांची ही नावे एकापुढे एक वाचली असता लक्ष्मी रस्त्यावरील सराफाच्या पेढीत शिरल्याचा भास होतो. रिसबुडांनी आपल्या प्रस्तावनेत जे कारण दिले, ते मराठी वाङ्मयेतिहासातील सर्वांत प्रामाणिक कारणांपैकी एक मानावे लागेल: आपल्या लोकांच्या विवाहपद्धतीमुळे आणि इतर काही कारणांनी त्यांच्या आयुष्यात मन वेधणारे सद्गुणही नसतात आणि दुर्गुणही नसतात, रोजच्या अनुभवाविषयी लिहावे तर त्यात गंमत नाही, म्हणून मनोरंजक पुस्तक लिहायचे तर अद्भुताकडे वळण्यावाचून गत्यंतर नाही, असा त्यांचा आशय आहे. हे म्हणणे त्या काळापुरते तर्कशुद्ध होते. जेथे नायक नायिकेला प्रथम नीट पाहतो, तेव्हा तिच्याशी त्याचे लग्न होऊन काही वर्षे लोटलेली असतात आणि ती परकर सावरत माजघरात पळून जाते, तेथे पहिल्या दृष्टिक्षेपातील प्रेमाला जागाच उरत नाही. त्यासाठी राजपुत्र, अरण्य आणि शक्य तर भुयार आणावे लागते.

पुढे हरिभाऊ आपट्यांनी पुण्यातूनच १८९० मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि त्यात ‘पण लक्षात कोण घेतो!’ क्रमशः छापून दाखवून दिले की, त्याच माजघरात पुरेशी कथा आहे, फक्त ती मनोरंजक नसून भयंकर आहे. त्यानंतर अद्भुताला प्रतिष्ठित दिवाणखान्यातून उठून वाचनालयाच्या जिन्यात बसावे लागले, तेथे गो. ना. दातारांनी रेनॉल्ड्स या इंग्रज कादंबरीकाराच्या कथानकांना मराठी पोशाख चढविला, आणि सिंहगडाच्या कड्यावरून पडून अधू झालेल्या नाथमाधवांनी अंथरुणावरून ‘वीरधवल’सारखी कादंबरी लिहून धडधाकट वाचकांच्या झोपा उडविल्या. समीक्षकांनी या पुस्तकांची दखल घेतली नाही, परंतु वाचनालयांतील प्रतींची पाने कोणी तरी झिजविली आहेत, आणि ते कोणी तरी समीक्षक नव्हते असे खात्रीने म्हणता येत नाही.

रिसबुडांच्या मताला एक उत्तर मात्र अद्याप कोणी दिलेले दिसत नाही. अद्भुत बाहेरून आणावे लागते हे मान्य केले, तरी ते आणून ठेवल्याने कादंबरी होत नाही. त्याला नियम लावावे लागतात, आणि नियमांच्या बाबतीत पुणे स्वयंपूर्ण आहे. हे स्पष्ट व्हावे म्हणून, अभ्यासाच्या सोयीसाठी, कोथरूडला राहणारी एक प्रातिनिधिक लेखिका कल्पावी आणि तिच्या कादंबरीची वाढ टप्प्याटप्प्याने पाहावी.

पहिली कल्पना सुचण्याची क्रिया सर्वत्र सारखीच अकारण असते. ऑक्सफर्डचे प्राध्यापक टोल्कीन उत्तरपत्रिका तपासत असताना त्यांना एका विद्यार्थ्याने सोडलेले कोरे पान सापडले आणि त्यावर त्यांनी सहज एक वाक्य लिहिले, त्यातून १९३७ ची ‘द हॉबिट’ वाढली. पुण्यात उत्तरपत्रिका काही कमी तपासल्या जात नाहीत, परंतु येथील परीक्षक कोऱ्या पानावर तिरकी रेघ मारून स्वाक्षरी करतो, त्यामुळे तो मार्ग बंद आहे. कल्पिलेल्या लेखिकेला कल्पना सुचते ती कर्वे पुतळ्यापाशी सिग्नलला थांबली असताना: एका मुलीवर एका अमानवी पुरुषाचे प्रेम बसते. ही कल्पना तिला अपूर्व वाटते, आणि तशी ती वाटू द्यावी, कारण याच क्षणी तिला गंधर्व, यक्ष आणि विद्याधर यांची आठवण करून दिली, तर सिग्नल सुटेपर्यंत कादंबरी संपलेली असते.

पहिल्या खर्ड्यात कथा बर्फाळ प्रदेशात घडते. तेथे सात राज्ये असतात, त्यांचा नकाशा शाळेच्या आलेखवहीत काढलेला असतो, आणि राज्यांची नावे अशी असतात की ती उच्चारताना घसा खाकरावा लागतो. हा खर्डा लेखिकेची मावशी वाचते. प्रत्येक लेखकाच्या घरात गुणाढ्याचा राजा कोणत्या ना कोणत्या रूपात असतोच, आणि मावशीचे आक्षेप मोजके असतात: नायिका एवढ्या बर्फात पातळ रेशमी झग्यात का हिंडते, या लोकांच्यात स्वयंपाक कोण करतो, आणि "अगं, हा तीनशे वर्षांचा, ही एकोणीस वर्षांची, हिच्या घरी काही विचारणार आहेत की नाही?" तिसरा प्रश्न लेखिकेला मागासलेला वाटतो, पण रात्री झोप लागत नाही. प्रेमकथेत अडथळा हा दागिना नसून तुळई असते, आणि सात राज्ये, दोन सैन्ये व एक नकाशा असूनही तिच्या कथेत अडथळा घालणारे माणूस एकही नव्हते, हे मावशीने चहा संपायच्या आत दाखविलेले असते.

दुसऱ्या खर्ड्यात कथा पुण्यात येते. येथे आणखी एक धोका असतो: दुपारी एक ते चार, दुकानावरच्या पाट्या आणि स्कार्फ बांधलेल्या दुचाकीस्वार मुली, या विनोदांना आता निवृत्तिवेतन सुरू व्हायला हवे, तरी नवोदित लेखक त्यांना पुन्हा पुन्हा कामावर बोलावतात. ही लेखिका त्यातून वाचते, कारण तिला घराच्या गच्चीवरून वेताळ टेकडी दिसते. शहरातील या सर्वांत उंच टेकडीवर वेताळाचे देऊळ आहे, सकाळी तेथे इतकी माणसे फिरायला येतात की एकान्त हवा असलेल्या भुताने शक्यतो दुसरीकडे बिऱ्हाड करावे. आणि कथासरित्सागरात वेताळाला खांद्यावर वाहून नेणारा त्रिविक्रमसेन राजा पुन्हा त्याच प्रतिष्ठानचा, म्हणजे पैठणचा, असल्याने वेताळाला महाराष्ट्राचा अधिवासी दाखला मिळण्यात तांत्रिक अडचण नाही.

वेताळाबरोबर त्याचा नियमही येतो, आणि कादंबरी खऱ्या अर्थाने येथे सुरू होते. राजाने प्रेत खांद्यावर घेऊन मुकाट्याने चालायचे असते. वाटेत वेताळ गोष्ट सांगून शेवटी कोडे घालतो. उत्तर ठाऊक असूनही राजा गप्प राहिला तर त्याचे डोके फुटेल, आणि त्याने उत्तर दिले तर वेताळ निसटून पुन्हा झाडाला लोंबकळेल. राजाच्या जागी पुण्यातील मुलगी बसविताच हा भयकथेचा नियम प्रेमकथेचा होतो. ज्याला जवळ ठेवायचे त्याच्यापाशी गप्प राहणे आवश्यक आहे, आणि उत्तर ठाऊक असताना, किंबहुना नसतानाही, गप्प राहणे हे या शहराच्या प्रकृतीत बसत नाही. नायिका दर पहाटे त्याला झाडावरून उतरविते, दर पहाटे उत्तर देते, वरून दोन पर्यायी उत्तरे आणि संदर्भ देते, आणि तो दर पहाटे उडून जातो. सात राज्यांच्या नकाशाने जे साधले नव्हते, ते एका अटीने साधते. लेखिका आठ दिवसांत नऊ प्रकरणे लिहिते आणि या काळात घरात दूध दोनदा उतू जाते.

आक्षेप अर्थातच थांबत नाहीत, फक्त आता ते उपयोगी पडू लागतात. टेकडीवर वर्षानुवर्षे फिरणारे एक वनस्पतिप्रेमी गृहस्थ निदर्शनास आणतात की, कथासरित्सागरातला वृक्ष शिंशपा, म्हणजे शिसवाच्या कुळातला आहे, आणि टेकडीवर बहुतांशी लावलेली आहे ती गिरिपुष्प, जिचे माहेर मध्य अमेरिकेकडे. लेखिका ते झाड तसेच ठेवते आणि परदेशी फांदीला लोंबकळण्याचा वेताळाचा संकोच हे एक स्वतंत्र प्रकरण होते. वेताळाच्या येण्याजाण्यासाठी तिने पेशवेकालीन कात्रजच्या नळाचे भुयार योजले होते, तेव्हा इतिहासाचे एक निवृत्त शिक्षक कळवितात की, तो नळ कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्याकडे पाणी आणीत असे आणि पश्चिमेकडील टेकडीशी त्याचा काही संबंध नाही. वेताळ तेव्हापासून पायवाटेने येतो. खलनायक म्हणून आरंभी एक कापालिक होता, परंतु टेकडीच्या कुशीतून बालभारती ते पौड फाटा रस्ता नेण्याचा प्रस्ताव आणि त्यावरून नागरिकांत चाललेला वाद वर्तमानपत्रात वाचल्यावर तिने कापालिकाला रजा दिली. ज्याचे झाडच आराखड्यातील रेघेवर आले आहे, त्या भुतापुढे कवटीची माळ घातलेला माणूस काय मोठा ठरणार? मावशीचा प्रश्न एकच, आणि तो पत्रिकेचा. जन्मवेळ घ्यायची ती त्या प्रेताची की वेताळाची, यावर घरात जी चर्चा झाली, ती जवळजवळ जशीच्या तशी बाराव्या प्रकरणात आली असून आतापर्यंतच्या वाचकांना तेच प्रकरण सर्वाधिक आवडले आहे.

अडचण उरते ती शेवटाची. मूळ कथेत वेताळ अखेरीस नात्याचे कोडे घालतो: बाप एका मुलीशी आणि त्याचा मुलगा तिच्या आईशी लग्न करतो, तर त्यांच्या मुलांचे एकमेकांशी नाते काय? राजाला उत्तर सापडत नाही, तो खरोखरच गप्प राहतो आणि म्हणून सुटतो. ही युक्ती पुण्यात निरुपयोगी आहे, कारण कोणत्याही मंगल कार्यालयात पंगतीच्या कडेला बसलेली ज्येष्ठ स्त्री हे नाते दोन्ही बाजूंनी सांगेल आणि आहेर कोणी कोणाला करायचा तेही सांगेल. मावशीने ते कोडे भाजी निवडत सोडविले. तेव्हा शेवटचा प्रश्न असा हवा होता की, ज्याचे उत्तर नायिकेला ठाऊक असावे, ते दिले तर प्रिय व्यक्ती जावी आणि न दिले तर स्वतःचे डोके जावे. आणि असा प्रश्न जगात एकच असल्याने तो सुचायला वेळ लागला नाही, त्यातून बाहेर पडायला मात्र सहा महिने लागले. हस्तलिखित बाणाच्या वाटेने जाणार असे दिसू लागले. लेखिकेचा मुलगा हिंजवडीला नोकरीस असून त्याने ते पुरे करण्याची तयारी दाखविली नाही.

सुटका झाली ती मोदकांमुळे. संकष्टीला मोदक वळताना मावशीच्या तोंडून सातवाहन राजाची गोष्ट पुन्हा निघाली, आणि त्या राणीने राजाला होकारही दिला नव्हता आणि नकारही दिला नव्हता, तिने फक्त त्याची चूक दाखविली होती, हे लेखिकेच्या ध्यानात आले. आता पंचविसाव्या पहाटे, फिरायला येणाऱ्यांच्या सहवासाने भाषा थोडी बिघडलेला वेताळ नायिकेच्या खांद्यावरून विचारतो, "तू मला प्रेम करतेस का?" नायिका न थांबता म्हणते, "मला नाही, माझ्यावर. माझ्यावर प्रेम करतेस का, असं म्हणतात." हे उत्तर नव्हे आणि मौनही नव्हे. वेताळाच्या नियमावलीत चूक दाखविण्यासंबंधी कलम नसल्यामुळे तो उडावे की राहावे या विचारात खांद्यावरच थांबतो, तेवढ्यात उजाडते आणि पहिल्या फेरीतील मंडळी काठ्या टेकीत वर येऊ लागतात.

मुद्रितशोधकाने या शेवटावर आक्षेप नोंदविला आहे. त्याच्या मते ‘मला’ ही विभक्ती आहे आणि ‘माझ्यावर’ मध्ये शब्दयोगी अव्यय आहे, त्यामुळे मागील पानावर लेखिकेने ‘विभक्तीची चूक’ असे जे म्हटले आहे ते काटेकोर नाही. लेखिका त्याला प्रस्तावनेत उत्तर देणार असून प्रस्तावना तूर्त चाळीस पानांवर गेली आहे.